ज्याचं नख त्याला

आमच्या डाक्तरांना कल्याणात कोणाचं नाव म्हणून माहीत नव्हतं. बाजारात समोरून कोणी हात जोडत आला की ते आधी खाली बघायचे, त्याच्या पायांकडे, आणि मग त्यांचा चेहरा खुलायचा. म्हणायचे, “काय, उजवा आतला, बरं आहे ना?” आता हे ‘बरं आहे ना’ त्या माणसाला नसायचं, त्याच्या उजव्या अंगठ्याच्या आतल्या कडेला असायचं. तांदळाच्या वखारीचे शेटजी असोत की बंदरावरचा हमाल, सगळ्यांना हाच मान. शेटजींना आधी फार राग यायचा. पुढे सवय झाली, आणि डाक्तर लांबून दिसले की तेच जोड्यातून पाय काढून पुढे करू लागले.

मी त्यांच्या हाताखाली कंपाउंडर होतो. म्हणजे बाटल्या धुवायच्या, मलमं घोटायची, पट्ट्या फाडायच्या, रोगी धरायचा, आणि डाक्तर जे बोलले ते रोग्याला पुन्हा समजावून सांगायचं. डाक्तरही मराठीच बोलत, चांगली पुणेरी मराठी, पण त्यांचं ऐकून माणूस भेदरायचा. म्हणून ते बोलले की मी तेच जरा हळू आवाजात बोलायचो. निम्मी डाक्तरकी मीच केली असं मी म्हणत नाही. पण बायको म्हणायची, आणि मी तिला अडवलं नाही.

मुंबईला साहेबाच्या हाताखाली ते मोठं शिक्षण घेऊन आलेले. मुतखडा कसा काढावा, सडलेला पाय कुठून तोडावा, सगळं शिकलेले. आणि सरकारने नेमलं कुठे, तर आमच्या धर्मार्थ दवाखान्यात. गावात आगगाडी येऊन बरीच वर्षं झाली होती, तरी डाक्तरी औषधात दारू असते म्हणून लोक खोकल्याची बाटली नेऊन उकिरड्यावर ओतायचे. अशा ठिकाणी पोट कापून घ्यायला कोण येणार? मुतखड्याचा माणूस कण्हत कुंथत वर्ष काढील, पण टेबलावर म्हणून निजणार नाही. अंगठा मात्र लोक देत. अंगठा काय, त्याचं एवढं कौतुक कोणाला? आणि आमच्या मुलखात अशा अंगठ्यांना तोटा नव्हता. दिव्यापासून कोलशेतपर्यंत खाडीकाठाला मिठागरं. मिठागराचा तळ पायांनी तुडवून तुडवून घट्ट करावा लागतो. खाऱ्या पाण्यात उभं राहून पाय मऊ पडतात, नखाची कड मांसात शिरते, अंगठा सुजतो, आणि त्यावर पुन्हा ते मीठ. एवढंसं नख, पण चांगला धट्टाकट्टा गडी रडकुंडीला यायचा. डाक्तरांनी मुंबईहून आणलेली सगळी विद्या मग त्या अंगठ्यावरच खर्च केली. लोक त्यांना नखवाले डाक्तर म्हणायचे. ठाण्याला एवढं मोठं इस्पितळ असताना तिथले लोक अंगठा घेऊन कल्याणला यायचे, आता बोला.

कामाचा थाट बघण्यासारखा असायचा. आधी कोमट पाण्यात कार्बोलिक घालून पाय धुवायचा, ते काम माझं. मग अंगठ्याच्या बुडाशी फीत आवळायची. बारीक कात्रीचं एक पातं नखाखाली सरकवायचं, रुतलेल्या कडेची पट्टी मुळापर्यंत उभी कापायची, चिमट्यात धरायची आणि मनगटाची एक गिरकी द्यायची, की पट्टी बाहेर. वाढलेल्या मांसाला कॉस्टिकची काडी लावायची, कडेखाली कापसाची वात सारायची आणि बांधून टाकायचं. पान लावायला लागतो तेवढाही वेळ लागत नसे. ती गिरकी द्यायच्या आधी डाक्तर रोग्याला एकच प्रश्न विचारायचे, काल जेवायला काय होतं. माणूस “भात आणि” म्हणेपर्यंत नख ताटलीत पडलेलं असायचं. पुढे तो जे काही म्हणायचा ते जेवणाबद्दल नसायचं. भाताबरोबर कोणाकडे काय होतं हे आमच्या दवाखान्यात शेवटपर्यंत कळलं नाही.

त्यांचं वैर एकट्या न्हाव्यांशी. न्हावी नराणीने नखाचे कोपरे खोल कोरून अर्धचंद्र काढतात, म्हणून पुढे नख मांसात रुततं, असं डाक्तरांचं म्हणणं. नख सरळ कापा, कोपऱ्याला हात लावू नका, हे ते जळी स्थळी सांगायचे. एकदा त्यांनी गावातल्या सगळ्या न्हाव्यांना पानसुपारीला बोलावलं. आठवडाभर खपून भोपळ्याएवढा मेणाचा अंगठा केलेला, त्यावर करवंटीचं नख बसवलेलं. तो अंगठा समोर ठेवून त्यांनी असं काही समजावलं की मलासुद्धा पटलं. न्हावी मान डोलावत होते. शेवटी त्यांतला सर्वांत म्हातारा उठला आणि हात जोडून म्हणाला की महाराज, तुमचं सगळं खरं, पण सरळ कापलं तर गिऱ्हाईक म्हणतं अर्धंच काम केलंस.  त्यानंतर डाक्तर सुट्टीच्या दिवशी बाजारात न्हाव्यांच्या पाटावर देखरेखीला जाऊन उभे राहायचे. डाक्तरांची छत्री वळणावर दिसली की न्हावी सरळ कापायचे, आणि छत्री गेली की उरलेले कोपरे कोरायचे. हे मला माझ्याच न्हाव्याने सांगितलं. मी डाक्तरांना सांगितलं नाही, उगीच कशाला त्यांच्या जिवाला घोर.

पायांच्या नादात घरच्या माणसांचे हाल व्हायचे ते वेगळेच. पुतण्याला मुलगी बघायला म्हणून डाक्तरांच्या वहिनींनी त्यांना एकट्याला भिवंडीला धाडलं. संध्याकाळी परत आले ते खुशीत. मुलगी कशी आहे, तर म्हणाले उत्तम, नखं सरळ कापते. रंगाने कशी, नाकीडोळी कशी, काही म्हणता काही सांगता येईना. वहिनी डोक्याला हात लावून बसल्या. दुसऱ्या दिवशी त्यांना स्वतः जावं लागलं. मुलगी खरंच चांगली निघाली आणि लग्न झालं, म्हणून डाक्तरांची पुढे जास्तच शिरजोरी झाली.

साहेबाची गोष्ट तर मी किती जणांना सांगितली असेल. त्या काळी रिवाज असा होता की साहेबापुढे जाताना आपल्या माणसाने जोडा बाहेर काढून ठेवायचा, पण पायात विलायती बूटमोजे असतील तर काढायची गरज नाही. तेव्हा मोठा साहेब दौऱ्यावर यायचा म्हटल्यावर कचेरीतल्या झाडून सगळ्या मंडळींनी मुंबईहून बूट मागवले. मापं कोणी दिली होती देव जाणे. साहेबाला यायला उशीर झाला, आणि ही सगळी अब्रूदार मंडळी मांडवात त्या बुटांत पाय कोंबून उभी, एकेकाचं तोंड कारल्यासारखं. आमचे डाक्तरही बूट घालून आले होते, पण त्यांनी बुटांची पुढची बाजू कात्रीने कापून टाकलेली आणि मोज्यांचीही. दहाही बोटं मोकळी. मामलेदारांना घाम फुटला. साहेब ओळीने हात मिळवत आला, डाक्तरांपाशी थांबला आणि खाली बघतच राहिला. डाक्तर इंग्रजीत काहीतरी बोलले. बराच वेळ बोलले. मग साहेब खुर्चीवर बसला आणि स्वतःचा बूट काढू लागला. डाव्या अंगठ्याला चांगलीच सूज होती. म्हणजे त्या दिवशी कल्याणात साहेबाने आपल्या माणसापुढे जोडा काढला. ही बातमी ठाण्याला साहेबाच्या आधी पोचली. पुढचा आठवडा सगळी कचेरी आमच्या बाकावर, मामलेदारांसकट.

सगळं कसं छान चाललं होतं, पण एक अडचण होती. नखं कधीही कापायची नसतात. शनिवारी नाही, अमावास्येला नाही, तिन्हीसांजेला नाही, घरात सुतक असेल तर नाही. पहिल्या वर्षी डाक्तर यावरून लोकांवर फार तापायचे. दुसऱ्या वर्षी त्यांनी टेबलाशेजारी भिंतीवर पंचांग टांगलं. नाडी बघायच्या आधी पंचांग बघायचे, आणि वार चांगला नसेल तर स्वतःच रोग्याला सांगायचे, उद्या ये. त्यामुळे चांगल्या वाराला बाकावर पायांची ही रांग लागायची.

आणि दुसरी गोष्ट, कापलेलं नख. ते कोणी मागे ठेवून जात नसे. वाईटावर असलेल्या कोणाच्या हाती पडलं, त्याने ते भगताकडे नेलं आणि करणी केली म्हणजे? प्रत्येक जण आपलं नख मागून घ्यायचा. म्हणून आमच्या दवाखान्याचा नियमच झाला, ज्याचं नख त्याला. डाक्तरांनी पट्टी ताटलीत टाकली की मी लगेच कागदाच्या पुडीत बांधून ज्याची त्याच्या हातावर ठेवायचो. डाक्तरांचा करणीबिरणीवर काडीचा विश्वास नव्हता. मी एकदा म्हटलं की मग हे लाड कशाला. तर माझ्यावरच उखडले. म्हणाले, “माणूस अख्खा पाय माझ्या हातात देतो. त्याचं नखभर ऐकायला माझं काय जातं?”

हा नियम एकदाच मोडला, आणि त्यातून जे झालं ते सांगायलाच मी बसलोय.

चैत्रातला चांगला वार होता. कोलशेतहून मिठागरवाले दोघे सख्खे आगरी भाऊ आले होते. आले दोन होड्यांतून, बसले बाकाच्या दोन टोकांना. दोघांचे तरणे मुलगे होड्या वल्हवत आलेले, तेही बाहेर दोन झाडांखाली बसले. धाकट्याचे पाय धुताना मी सहज विचारलं, तर तो बोलू लागला. पाय धुताना माणूस बोलतो, हा माझा अनुभव आहे. बाप गेल्यावर मिठागराच्या उघाडीवरून, म्हणजे भरतीचं पाणी आत घ्यायच्या दारावरून, दोघांचं बिनसलं. थोरल्याने दार वेळेआधी पाडलं, धाकट्याचे वाफे कोरडे राहिले. धाकट्याने भर दिवसा सगळ्यांच्या देखत बांध फोडला. तेव्हापासून घरं दोन, चुली दोन, मधे कूड आणि बोलणं बंद. बरीच वर्षं झाली होती.

आता धाकट्याच्या मुलीचं लग्न ठरलं होतं. पण घराण्याचे देव थोरल्याच्या घरात. त्यांच्यात लग्नाचं पहिलं आवतण देवाला जातं, आणि ते नवरीने स्वतः देवापुढे उभं राहून द्यायचं असतं. त्याशिवाय लग्नातले धवले गाणारी धवलारीण मांडवात पाऊल ठेवायची नाही, आणि आगऱ्यांच्या लग्नात ती बाई नाही तर लग्न नाही. व्याह्यांकडून विचारणा झाली होती, देवाला सांगितलं का म्हणून. पोर तर त्या देवाच्या घरात लहानपणानंतर गेलेलीच नाही. धाकट्याने मान खाली घातली. “मी नाय जायाचा,” तो म्हणाला, “आनि तो नाय बोलवायाचा. पोर माजी कुडाशी उभी राहून रडतं.” लग्न पंधरवड्यावर आलं होतं. मी त्याच्या पायावर पाणी ओतत राहिलो. दुसरं काय करणार?

आधी थोरला आत गेला. भात आणि, एवढं म्हणाला, आणि त्याची पट्टी ताटलीत. मी त्याचा अंगठा बांधत होतो तोवर डाक्तरांनी धाकट्याला टेबलापाशी घेतलं, त्याचा पाय उचलला आणि तसाच हातात धरून ठेवला. मग मला म्हणाले की तो मघाचा पाय जाऊ देऊ नकोस, इकडे आण. दोघांना त्यांनी एका बाकावर बसवलं, दोन्ही पाय एका चौरंगावर शेजारी शेजारी ठेवायला लावले, आणि धाकट्याची पट्टी काढून थोरल्याच्या पट्टीजवळच ताटलीत ठेवली. भिंग घेऊन बघतायत, चिमट्याने उलटी करतायत, सुलटी करतायत. तीच जाडी, तोच पिवळा रंग, मुळाशी तोच आकड्यासारखा बाक. असे दोन अंगठे एवढ्या वर्षांत बघितले नाहीत म्हणाले, आणि मग दोघांना विचारलं काय, तर तुम्ही एकाच गावचे का? बाकावरचे सगळे खो खो हसले. दोघे भाऊ दोन भिंतींकडे बघत बसले.

मी पुड्यांचे कागद घेऊन पुढे झालो आणि विचारलं, यांतलं कोणतं कोणाचं. डाक्तरांनी ताटलीत बघितलं. पुन्हा भिंग लावलं. मग भिंग खाली ठेवलं. त्यांना खजील झालेलं मी तेवढंच एकदा बघितलं.

पुढे ठाण्यापासून कल्याणपर्यंत लोक म्हणायला लागले की डाक्तर मोठे धूर्त, त्यांनी हे मुद्दाम केलं. मी तिथे उभा होतो. मुद्दाम वगैरे काही नाही. ते अंगठ्यात रंगले आणि विसरले, बस. ते दोघे सख्खे भाऊ आहेत हे मी सांगितलं तेव्हा त्यांना कळलं, आणि कळल्यावर आनंद कशाचा झाला, तर अंगठ्यांचा उलगडा झाला याचा.

इकडे दोघांच्या तोंडचं पाणी पळालेलं. ज्याच्याशी उभं वैर त्याच्या हाती आपलं नख जाणार! थोरला मला म्हणाला, दोन्ही माझ्याकडे द्यायला सांग. धाकटा मला म्हणाला, म्हणजे तो सरळ भगताच्या घरी जाईल. दोघे हाताच्या अंतरावर बसलेले, पण एकाचं दुसऱ्याला मी सांगायचं. मला या कामाची सवय होतीच. जाळून टाकू म्हटलं तर नखं जाळत नाहीत. पुरू म्हटलं तर कोणी उकरील. शेवटी एकाच गोष्टीवर दोघे राजी झाले, खाडीच्या मधोमध वाहत्या पाण्यात सोडायची, दोघांच्या देखत. पण तिथवर पुडी न्यायची कोणी? एकमेकांच्या हाती द्यायला तयार नाहीत, पोरांच्या हाती नाही. डाक्तरांकडे असेल तर चालेल म्हणाले.

डाक्तरांना होडीचं भयंकर भय. नदी ओलांडायची म्हटली तरी डोळे मिटायचे. पण चूक त्यांची होती. आणि त्यांना दुसरीही काळजी होती, की हे दोघे खाडीतून जाणार, चिखलात उतरणार आणि बांधलेल्या पट्ट्या भिजवणार. उरलेले पाय उरकून त्यांनी दवाखान्याला कुलूप लावलं, छत्री घेतली, आणि मला घेतलं. मला कोणी विचारलंसुद्धा नाही.

ओहोट लागला होता. धाकट्याच्या होडीत सगळे बसलो आणि थोरल्याची होडी मागे दोरीने बांधली. दोघांचे मुलगे वल्ही घेऊन बसले, एकमेकांचे चुलतभाऊ आणि एक शब्द बोलतील तर शपथ. डाक्तरांनी भावांना समोरासमोर बसवून दोघांचे पाय मधल्या फळीवर उंच ठेवायला लावले. तेव्हा ते दोन पांढरे बांधलेले अंगठे एकमेकांसमोर, त्यांच्या शेजारी डाक्तर, एका हातात छत्री, एका मुठीत पुडी आणि डोळे घट्ट मिटलेले. मी मागे बसून हसू दाबत होतो. डोंबिवली गेली, दिवा गेलं, पारसिकचा डोंगर बाजूला पडला आणि खाडी चांगली रुंद झाली. थोरला मला म्हणाला की इथे चालेल. धाकटाही मला म्हणाला की चालेल.

डाक्तरांनी डोळे उघडले आणि दोघांना दिसावी म्हणून पुडी फळीवर उलगडली. थोरला वाकला. नखं बघायला वाकला तो वाकलेलाच राहिला.

“यो बापसाचा आंगठा हाय,” तो म्हणाला. कोणालाच उद्देशून नाही, आपलं सहज.

वल्ही थांबली. धाकटा पाण्याकडे बघत होता. तो म्हणाला, “त्याची नखां मीच काढाचो. शेवटाला त्याला वाकाला येत नव्हता.”

“मना म्हाईत नव्हता.”

“तू इचारलास कदी?”

एवढ्या वर्षांनी पहिलं बोलणं ते हे.  डाक्तरांना यातलं काय कळलं कोण जाणे, त्यांनी विचारलं, वडिलांचंही असंच रुतायचं का? थोरला म्हणाला, बाप आमचा जन्मभर लंगडत चालला, आम्हाला वाटायचं त्याची चालच तशी. धाकट्याने मान हलवली, त्यालाही तसंच वाटायचं.  मग डाक्तर हळूच म्हणाले, माझ्याकडे आणायला हवं होतं त्यांना. तोपर्यंत डाक्तर कल्याणात आलेच नव्हते, पण ते कोणी काढलं नाही. त्यांनी कागद पाण्यावर धरून झटकला. एवढेसे तुकडे ते, पडलेलेसुद्धा दिसले नाहीत.

कोलशेतला पोचेतो पाणी पार आटलं होतं. किनारा समोर दिसतोय आणि होडी चिखलात रुतलेली. डाक्तर होडीचं भय विसरून उभे राहिले आणि ओरडू लागले की पाय खाली टाकाल तर खबरदार, पट्टीला चिखल लागला तर अंगठा सडेल. दोन्ही मुलगे गुडघाभर चिखलात उतरले. आता झालं असं, की थोरल्याचा मुलगा उतरला तो धाकट्याच्या बाजूने आणि धाकट्याचा थोरल्याच्या. डाक्तरांचा ओरडा चाललेला, तेव्हा ज्याच्या पुढ्यात जो होता त्याला त्याने पाठीवर घेतलं. पुतण्याच्या पाठीवर काका, दोन्हीकडे. मागून आम्ही दोघे. डाक्तर तीनदा तरी बसले चिखलात, छत्रीचं तर पार कडबोळं झालं.

काठावर येऊन पोरं थांबली. कूड समोर, कुडाच्या अलीकडे एक घर, पलीकडे एक. ओझं घेऊन कोणी कुठे जायचं? डाक्तरांचा पारा चढला. कमरेपर्यंत चिखल, त्यात हे नाटक. म्हणाले, “पाय उशीवर ठेवून तीन दिवस उताणे निजायचं. दोघांनी एका जागी. पट्टी सोडायला मी पुन्हा येणार, तेव्हा एका अंगठ्यासाठी या घरात आणि एकासाठी त्या घरात फिरणार नाही.”

थोरल्याचं घर अलीकडे होतं. धाकटा पुतण्याच्या पाठीवर मान वळवून बसला. थोरला त्याच्या पुतण्याच्या पाठीवरून आपल्या मुलाला म्हणाला, “चल, ने ओटीवर.”

ओटीवर दोन चटया शेजारी शेजारी अंथरल्या, दोघांचे पाय एका भाताच्या पोत्यावर टेकवले. बायका जमल्या, शेजारी जमले. मी पट्ट्या कोरड्या आहेत का बघत होतो. तेवढ्यात बापाला उचलून आणलं हे ऐकून धाकट्याची मुलगी कुडाला वळसा घालून धावत आली, आणि ओटीच्या पायरीशी येऊन एकदम थबकली. पाय पायरीवर ठेवावा की नाही, तिला कळेना. बापाकडे बघायला लागली. बाप वर कौलांकडे बघत होता.  

थोरला तिच्याकडे बघत होता.  मग म्हणाला, “भायेर का उभी, पोरी? आत जा. देवाला सांग, तुजा लगीन हाय.”

पोरीने पुन्हा बापाकडे बघितलं. धाकट्याने कोपराने डोळे झाकून घेतले होते, पण त्याने मान हलवली. ती पायरी चढली, दोघांच्या पायांना वळसा घालून आत गेली. माझ्या डोळ्यांना पाणी आलं, खोटं कशाला सांगू. थोरला उठायला लागला, त्यालाही आत जायचं होतं. डाक्तरांनी चिखलाच्या हाताने त्याचा खांदा दाबून त्याला परत खाली निजवलं आणि तिथेच त्याच्या उशाशी बसले.

आतून तिचा आवाज येत होता. घरातल्या वडीलधाऱ्याशी बोलावं तशी देवाशी बोलत होती. मी अमक्याची नात, अमक्याची पोर, अमक्या गावी देताहेत, या अमक्या दिवशी मांडव. मग जरा थांबली. तिला पुढचं कोणी शिकवलं नसावं. मग म्हणाली, “आमचे मांडवात या. काका तुमाना घेऊन येल.”

काका असं काही म्हणाला नव्हता. ओटीवर सगळे त्याच्याकडे बघायला लागले. त्याला तर उठायची बंदी होती. त्याने निजल्या निजल्याच आतल्या बाजूला तोंड वळवलं आणि तिला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने हो म्हटलं.